सात नंबरचा गंजीफ्रॉक

माजी विद्यार्थी मंडळाची दोन मुलं गणपतीच्या आधी घरी आली आणि म्हणाली, दिवाळी अंकासाठी लिहा. जुन्या विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या खेळाच्या संघांना हातभार लावावा, असं काहीतरी लिहा. मी म्हटलं, बाबांनो, तुमच्या कॉलेजात मी तेहतीस वर्षं होतो, पण विद्यार्थी म्हणून एक दिवसही नाही. माझी शाळा चौथीत संपली, तीही मालवणच्या बाजूला, देवळाच्या ओसरीवर. ती म्हणाली, म्हणूनच लिहा. म्हणूनच म्हणजे काय ते सांगितलं नाही. चहा घेतला, वही ठेवली आणि गेली. चहा मी केला होता. साखर फार पडली होती, पण बोलली नाहीत.

घरात आता मी एकटा आहे. शेवंती, माझी बायको, वैशाखात गेली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तिचं नाव सारखं येणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की ती आत भाकऱ्या थापतेय.

आता माझं काम. मी जिमखान्याचा शिपाई. नाव भिवा. कॉलेज गिरगावच्या अंगाला, आम्ही राहायला परळच्या चाळीत. क्रिकेटवाल्यांची जाळी बांधायची, टेनिसवाल्यांचे चेंडू शोधायचे, ही वरची कामं. माझं खरं काम म्हणजे कॉलेजच्या मागचं हुतुतूचं मैदान. आता सगळे कबड्डी म्हणतात, गादीवर खेळतात. तेव्हा माती होती. ती माती नुसती पडलेली नसते, करावी लागते. मे महिन्यात खणायची, चाळणीने चाळून खडा न् खडा वेचायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग फक्कीने रेषा मारायच्या. एक खडा राहिला तर एक गुडघा फुटतो. लोकांना वाटतं हुतुतूला काही लागत नाही, लंगोट लावला की झालं. लागतं. माती लागते, अंगाला तेल लागतं, खेळ झाल्यावर पोटाला काहीतरी लागतं, शिकवणारा लागतो, आणि अंगात घालायला गंजीफ्रॉक लागतो. कारण हुतुतूत पहिला फाटतो तो गंजीफ्रॉक. चढाई करणारा पळतो आणि पकडणाऱ्याच्या मुठीत त्याची पाठ येते.

कॉलेजने बारा गंजीफ्रॉक कधी काळी करून दिले होते, एक ते बारा नंबरचे, जाड सुती कापडाचे. पुन्हा मागायला गेलं की उत्तर ठरलेलं, यंदा क्रिकेटच्या पॅडचं बघतोय. म्हणून आमच्याकडे एक चाल पडली. शेवटच्या वर्षाचा खेळाडू शेवटचा सामना झाला की तिथेच मैदानावर गंजीफ्रॉक काढायचा आणि घामासकट माझ्या हातात द्यायचा. मी तो घरी न्यायचा. शेवंती धुवायची, फाटलेलं शिवायची आणि आतल्या बाजूला, खालच्या पट्टीवर, त्या मुलाचं नाव लाल धाग्याने काढायची. मग तो पुढच्याच्या अंगावर जायचा. तिला वाचता येत नव्हतं. संघाचा कप्तान पेन्सिलीने नाव लिहून द्यायचा, ती रांगोळीसारखं त्यावरून धागा न्यायची. पण टाका असा की मोती. एकेका गंजीफ्रॉकाच्या पोटात चार-चार, पाच-पाच नावं झाली होती. ठिगळ बघून ती सामना सांगायची.

"ह्येका मागसून धरल्यान," ती म्हणायची. "आणि ह्यो उलटो फिरलो, म्हणान काखेत फाटलो."

ती मैदानावर एकदाही आली नव्हती.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं होती ती. त्यातच जिमखाना कमिटीवर नवीन माणसं आली आणि त्यांना मागची जागा टेनिसच्या दुसऱ्या कोर्टासाठी हवी झाली. आमचे खेळाचे सर भले माणूस, पण आवाज बारीक. त्यांनी कशीबशी एक मुदत मिळवली. कमिटीने सांगितलं, तुमच्या हुतुतूची कॉलेजबाहेर कोणाला एवढी पडली असेल तर पंधरा जुने खेळाडू एका रविवारी मैदानावर उभे करून दाखवा. त्यांनी जुने विरुद्ध नवे असा सामना खेळावा आणि संघाचं बघू असा शब्द तिथेच द्यावा. मग जागा राहील. चौदा नाही, पंधरा. हे त्यांनी दोनदा म्हटलं.

सरांनी पत्रं पाठवली. छापील, सहीची. दोन उत्तरं आली, दोन्हीत शुभेच्छा.

मग सर मला म्हणाले, "भिवा, तू जातोस का रे?"

मी घरी येऊन शेवंतीला विचारलं, मी जाऊन काय बोलू? मोठी माणसं झालीत ती, कोणी वकील, कोणी साहेब. ती म्हणाली, "तुमी बोलाच नको. त्येचो गंजीफ्रॉक घेवन जावा. पुढ्यात ठेवा आणि गप रव्हा."

हीच माझी सगळी विद्या. पुढे वीस वर्षं मी जुन्या विद्यार्थ्यांकडे जात राहिलो आणि माझ्याहून शिकलेल्या माणसांनी मला विचारलं की तुला कसं जमतं. असं जमतं. वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचा, टेबलावर ठेवायचा, गप राहायचं. माणूस आधी नंबर बघतो. मग हसतो. मग गंजीफ्रॉक उलटा करून आपलं नाव शोधतो. नाव सापडलं की त्याच्याखालची नावं वाचतो आणि विचारतो, हा कोण? हा कसा खेळतो? एवढं विचारलं की तो आला म्हणून समजा.

ठाकूरद्वारचे अनंतराव वकील पाच नंबरचे. मी गेलो तेव्हा पुढ्यात दोन अशील बसलेले. वकिलांनी गंजीफ्रॉक उचलला आणि काळा कोट काढून तिथेच डोक्यातून घातला. खांद्यापर्यंत आला, पोटावर अडकला. ना खाली जाईना, ना वर येईना. आतून त्यांची बायको आली.

"अहो, हे काय? अशील बसलेत!"

"बसू दे. भिवा, खेच रे खाली."

"खेचू नको रे बाबा," बाई म्हणाल्या. "फाटला तर तुझी बायको माझ्या नावाने बोटं मोडेल."

आम्ही दोघांनी मिळून वकिलांना बाहेर काढलं. ते येतो म्हणाले आणि आले. पुढे चार पावसाळे दर शनिवारी मुलांना पकड शिकवायला यायचे. पळता येत नव्हतं, पण पाय धरला की सुटत नसे.

शिवडीचा एक कोळी होता, नऊ नंबर. घरात पहिलाच कॉलेजात गेलेला, पण दुसऱ्या वर्षी बाप आजारी पडला आणि हा होडीवर गेला. जाळं विणत बसला होता. मला म्हणाला, "मी परीक्षाच दिली नाय. मी माजी इद्यार्थी कसा?"

"गंजीफ्रॉक दिलास ना माझ्या हातात?"

"दिला की."

"मग माजीच."

सरांनी पुढे त्याच्या नावापुढे काय लिहिलं मला माहीत नाही. मी तरी डिग्री कोणाला विचारली नाही.

सगळे असे नव्हते. सचिवालयातले एक मोठे साहेब होते. त्यांनी गंजीफ्रॉकाकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि म्हणाले, अशा दिवसांत चार माणसं जमतात तिथे मी येऊ शकत नाही. खरं होतं. चार माणसं जमली की पोलीस विचारायचे. दोघे जुने खेळाडू सत्याग्रह करून तुरुंगात होते, त्यांचे गंजीफ्रॉक मी परत घेऊन आलो. एक मुंबई सोडून गेला होता. असं करत करत चौदा झाले. रविवार आठ दिवसांवर आला आणि जिमखान्यातल्या ट्रंकेतला एकच गंजीफ्रॉक न्यायचा राहिला. सात नंबर. तो मी मुद्दामच मागे ठेवला होता.

सात नंबर हसमुखचा. काळबादेवीला त्यांचं कापडाचं दुकान. गुजराती, पण जन्म गिरगावातला, मराठी माझ्याहून चांगलं. अंगाने काडी. मी बघितलेल्या चढाई करणाऱ्यांत त्याच्यासारखा दुसरा नाही. वाऱ्यासारखा जायचा आणि तीन गडी मारून मध्यरेषेवर हसत उभा राहायचा. जाताना त्याने गंजीफ्रॉक माझ्या हातात दिला आणि म्हणाला, वहिनींना सांगा, माझं नाव जरा मोठं काढा.

ते नाव मी उसवलं होतं.

आता हे लिहायचं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. लिहितो. चळवळ पेटली होती तेव्हा शेवंतीचा भाऊ वसंता मोर्च्यात गेला आणि त्याच्या पायात गोळी लागली. इस्पितळात त्याला बघून मी सरळ कॉलेजात आलो. मुलं जिमखान्यात बसली होती. मी ट्रंक उघडली, सात नंबर काढला, उलटा केला आणि दाढीच्या पात्याने हसमुखचं नाव एकेक टाका कापून काढून टाकलं. मुंबई कोणाची यावरून भांडण होतं आणि माझ्या हाताला लागेल असा दुसरा गुजराती माझ्याकडे नव्हता. एक मुलगा म्हणाला, "बरं केलंस भिवा." मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं, म्हणून सांगतो.

शेवंतीने धुवायला घेतला तेव्हा तिच्या लगेच लक्षात आलं.

"ह्या नाव खय गेला?"

"काढलंय."

"कोणी?"

"मी. वसंताचो पाय बघ आणि मगे इचार."

"गोळी काय ह्येना घातल्यान?"

मी उठून चपला शोधायला लागलो.

"भाव माझो. राग येवचो तर माका येवचो. तुमी माझ्या टाक्यावर कित्याक राग काढलात?"

एवढं बोलून तिने गंजीफ्रॉक पिळला आणि दांडीवर टाकला. पुढे कधी विषय काढला नाही. आमच्यात भांडणं अशीच व्हायची, एकदाच.

तर आता चौदा झाले होते आणि पंधरावा हा होता. मी गंजीफ्रॉक घरी आणला, तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, नाव परत काढून दे. लाल धागा आहे, पेन्सिलीने मी लिहून देतो.

"मी शिवूचंय नाय," ती म्हणाली. "तुमी उसवलात, तुमीच शिवा."

"माका जमता काय?"

"उसवूक जमला मा?"

मी खिडकीत बसलो आणि शिवलं. बोटात सुई चारदा गेली. जुन्या टाक्यांची भोकं कापडात दिसत होती, त्यांच्यावरूनच न्यायचं होतं, तरी माझं अक्षर उतरणीवरून घसरत गेल्यासारखं आलं. ती समोर तांदूळ निवडत बसली होती. हसली नाही आणि मदतही केली नाही.

काळबादेवीला त्या दिवशी ट्राम अलीकडेच थांबवली होती. पुढे चालत गेलो. निम्मी दुकानं फळ्या लावून बंद. हसमुख गादीवर बसून कापड मोजत होता. मला बघून उठला.

"या भिवाभाऊ! रस्ता चालू आहे का?"

"माणसांना चालू आहे."

मी पुडकं ठेवलं आणि गप्प राहिलो. त्याने वर्तमानपत्र सोडलं, नंबर बघितला, हसला. मग सगळे करतात तसा गंजीफ्रॉक उलटा केला. नावावरून अंगठा फिरवला. एकदा, आणि परत एकदा. कापडातला माणूस तो.

"हा टाका वहिनींचा नाही," तो म्हणाला. आणि माझ्याकडे असं बघितलं की मला कळेना काय झालं. "वहिनी बऱ्या आहेत ना?"

माझी तयारी सगळी दुसऱ्याच प्रश्नाची होती.

"बरी आहे," मी म्हटलं.

"मग?"

"नाव मी उसवलं होतं. आता मीच शिवलं."

तो बसला. मीटरची पट्टी... नाही, तेव्हा गज असायचा. गज बाजूला ठेवला. दुकानातला मुनीम दुसरीकडे बघायला लागला.

"कधी उसवलं?"

"वसंताला गोळी लागली तेव्हा. तिचा भाऊ."

"पाय आहे?"

"आहे. लंगडतो."

त्याने गंजीफ्रॉक पुन्हा सुलटा केला. मग तो म्हणाला, "मी आलो तर मुलं काय करतील?"

"पकडतील," मी म्हटलं. खरं तेच होतं.

"रविवारी किती वाजता?"

"चारला."

"येतो असं मी म्हणत नाही, भिवाभाऊ. हा इथे राहू दे."

गंजीफ्रॉक ठेवून घेणारा तो पहिलाच. मी रिकाम्या हाताने परत आलो. शेवंतीने दारातच विचारलं, "काय म्हणालो तो?"

"येतंय म्हणालो तो," मी सांगितलं. खोटं सांगितलं. आणि टाका बघून पहिला प्रश्न त्याने काय विचारला ते सांगितलंच नाही. सांगायचं तर माझा टाका वाईट आला हेही आलं असतं, आणि मला त्या दिवशी तेवढंही कमीपण नको होतं. उद्या सांगू म्हटलं.

रविवारी मी सकाळपासून माती भिजवली, रेषा मारल्या. जुने एकेक जमले. वकील नवा गंजीफ्रॉक शिवून घेऊन आले होते, दोन माणसं मावतील एवढा. कोळ्याने मुलांसाठी टोपलीभर तळलेली मांदेली आणली आणि कमिटीतल्या एका गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला. चार वाजले. चौदा. सव्वाचार. सर म्हणाले, थोडं थांबू. रुमालवाले गृहस्थ म्हणाले, "चौदाच आहेत. आपलं ठरलं होतं."

"भिवाला धरा," वकील म्हणाले. "याने सगळ्यांपेक्षा जास्त माती खाल्लीय."

"शिपाई कसा माजी विद्यार्थी होईल?"

बरोबर होतं. मी रोलरला टेकून उभा राहिलो.

मग फाटकातून हसमुख आला. चालत, धोतर, वर बंद गळ्याचा कोट, कपाळावर घाम. मुलं रेषेजवळून मागे सरली. बरं केलंस म्हणणारा मुलगा त्यांच्यातच होता, आता तोच कप्तान. हसमुखने कोणाकडे बघितलं नाही. कोटाची बटणं सोडली, कोट माझ्या हातात दिला, धोतराचा काचा मारला. आत सात नंबर होता.

त्याने पहिली चढाई केली. पोट थोडं सुटलं होतं, पण पाय तेच. दोन गडी मारले आणि परत फिरला, तेवढ्यात कप्तानाने मागून गंजीफ्रॉक धरला. खांद्यापासून कमरेपर्यंत फाटला, आवाज माझ्यापर्यंत आला. हसमुख तसाच ओढत गेला, बोटं पुढे, दम संपत आलेला, आणि रेषेला बोट लागलं. तिघे मेले. कप्तान मातीत पालथा पडला होता. हसमुखने त्याला हात दिला. तो हात धरायला एक क्षण थांबला, मग धरला आणि उठला. "काय पकड आहे रे तुझी," हसमुख म्हणाला. "आणखी एक वर्ष खेळ." एवढंच. भाषण कोणी केलं नाही.

सामना संपला तेव्हा त्याने तो फाटका गंजीफ्रॉक डोक्यातून काढला आणि घामासकट माझ्या हातात दिला, दुसऱ्यांदा.

"वहिनींना द्या. फाटलंय ते त्यांनी शिवावं. नाव राहू दे तसंच. ते सरळ करू नका."

पंधरांनी सरांच्या कागदावर सह्या केल्या. मैदान राहिलं. टेनिसचं दुसरं कोर्ट त्यांनी जिन्यापलीकडे केलं आणि तिथे पाणी साचायचं, तो माझा दोष नाही. हसमुखच्या दुकानातून दरवर्षी जूनमध्ये कापडाचा तागा यायचा, चिठ्ठीशिवाय. राज्य झालं त्या वर्षीही आला. नवे गंजीफ्रॉक शेवंतीने शिवले. ती सांगायची, कापड बरा आसा, मेल्यान पैसो नाय वाचवल्यान.

मला आज खेद एकाच गोष्टीचा आहे. उद्या सांगू म्हटलेलं मी सांगितलं नाही. इतकी वर्षं एका खोलीत राहिलो, सांगायला एवढं होतं की काळबादेवीच्या बाजारात एका माणसाने अंगठा फिरवून तुझा टाका ओळखला आणि तो दिसला नाही तेव्हा त्याला तुझी काळजी वाटली. अर्ध्या मिनिटाचं काम. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात आठवलं होतं. तेव्हा तिला ऐकू येत होतं की नाही कळत नव्हतं, मी तरीही सांगितलं. ते धरायचं की नाही मला माहीत नाही.

आता मुलांचं काम करतो, ज्यासाठी वही दिलीय. हल्ली जर्सी पातळ चकचकीत कापडाच्या असतात, पाठीवर कुठल्या कुठल्या दुकानांची नावं असतात, आणि मुलं त्या जाताना घरी नेतात. नेऊ देत. पण तुम्ही कॉलेजला चेक पाठवता आणि वर्षभराचं कर्तव्य झालं म्हणता, त्याने संघ चालत नाही. मैदानावर या. चार वाजता या, पाचला जा. पकड दाखवा, नाहीतर नुसते रेषेबाहेर उभे राहा. मुलांना कळू दे की त्यांच्या आधी कोणीतरी याच मातीत आपटलं होतं.

ट्रंक निवृत्तीच्या दिवशी सरांच्या जागी आलेल्या माणसाने मला दिली, नाहीतर ती भंगारात जात होती. बारातले चार गंजीफ्रॉक उरलेत. दिवाळीनंतर मी ते जिमखान्यात परत नेऊन देणार आहे, काचेच्या कपाटात लावा म्हणून. सात नंबरची खालची पट्टी सुटली होती. शेवंती असती तर पाच मिनिटांत झालं असतं. शेजारच्या मुलीकडून सुईत दोरा ओवून घेतला आणि खिडकीत बसून मी ती शिवली. माझा हात काही सुधारलेला नाही.

कधी कोणी जुना खेळाडू येईल, कपाटातून तो काढायला लावील, उलटा करील आणि पट्टीवरून अंगठा फिरवून म्हणेल, हा टाका वहिनींचा नाही. त्याला सांगा, नाही. आणि पुढचं, वहिनी बऱ्या आहेत ना, असं त्याने विचारलं तर तेही सांगा. पण त्यासाठी कोणीतरी यायला पाहिजे.